अपघातातून आलेली गाडी सरळ कशी होते?

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला बोलावणे धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती, की आम्ही कामगार चळवळीवर बोलू. आम्ही कळवले, चळवळीवर बोलणारे पुष्कळ आहेत, आम्ही टाय रॉडवर बोलतो. चिटणीस हसले, पण त्यांनी विषय मान्य केला हे त्यांचे उपकार. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या परंपरेच्या व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सारे विषय होऊन गेले. टाय रॉड मात्र राहून गेला असावा. त्या दिवशी जे बोललो तेच थोडे नीटनेटके करून येथे देत आहोत. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढचे सारे गॅरेजच्या खड्ड्यात उभे राहून झाले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वसई-विरारच्या माणसाला महामार्ग नव्याने सांगायला नको. वर्सोव्याचा पूल ओलांडला की ससूनवघर, मालजीपाडा, चिंचोटी, वसई फाटा, पेल्हार, शिरसाड, खानिवडे ही नावे ओळीने येतात. पूर्वी या रस्त्याचा क्रमांक आठ होता, आता अठ्ठेचाळीस आहे. क्रमांक बदलला, वाहतूक वाढली, २०२४ साली खड्ड्यांवर काँक्रीटचा थर देण्याचे काम चालू होते तेही सर्वांनी सोसले. या रस्त्याच्या कडेला आणि आत गोखिवरे, वालीव, नवघरच्या बाजूला गॅरेजे आहेत. ठोकर खाल्लेली गाडी क्रेनला लटकून तेथे येते आणि काही दिवसांनी रंग लावून, चकचकीत होऊन बाहेर पडते. लोक म्हणतात, गाडी नवी झाली. ती नवी झाली की नुसती नवी दिसू लागली, एवढाच आमच्या विषयाचा गाभा आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. अर्नाळ्याच्या होडीला सुकाणू एक असते, ते फिरवले की होडी वळते. मोटारीला मात्र पुढची दोन चाके वळवायची असतात, आणि ती दोन्ही सारखी वळवून चालत नाही. गाडी डावीकडे वळते तेव्हा डावे चाक लहान वर्तुळावर चालते, उजवे मोठ्या. म्हणून आतले चाक जास्त वळले पाहिजे, बाहेरचे कमी. ही युक्ती मोटारीच्या जन्माआधीची, घोडागाडीच्या काळातली आहे. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने ती काढली आणि लंडनमध्ये आकरमन या गृहस्थाने १८१८ साली तिचे पेटंट घेतले. नाव पेटंट घेणाऱ्याचे राहिले, कारागिराचे मागे पडले. हा अनुभव आम्हां कामगारांना नवीन नाही. असो.

टेम्पो किंवा ट्रक घेतला तर चालकाच्या हातातल्या चाकाखाली एक दांडा असतो. तो खाली स्टिअरिंगच्या पेटीत जातो. पेटीतून एक लोखंडी हात बाहेर येतो, त्याला ड्रॉप आर्म म्हणतात. त्याला ड्रॅग लिंक जोडलेली असते. ती एका चाकाचा स्टब ॲक्सल किंग पिनभोवती फिरवते, आणि टाय रॉड हा आडवा दांडा तीच हालचाल पलीकडच्या चाकाला पोचवतो. ही झाली साखळी. हिच्याविषयी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. ब्रेकचे एक वर्तुळ निकामी झाले तर बहुधा दुसरे असते, निदान हातब्रेक तरी असतो. स्टिअरिंगच्या साखळीला जोडीदार नाही. टाय रॉडचे टोक सुटले की पुढची दोन चाके दोन दिशांना तोंडे करतात आणि हातातले चाक नुसते बाहुले होते.

दुसरा भाग सस्पेन्शनचा. चासी आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाटे असतात. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट मधोमध असतो. त्याचे डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते, आणि वरून यू बोल्ट आवळून ॲक्सल पाट्यांना जखडतात. ॲक्सल पुढे-मागे सरकू नये ही जबाबदारी या जोडणीची. लहान मोटारीत पाट्यांऐवजी स्प्रिंग, शॉकप आणि खाली लोअर आर्म असतो, पण तत्त्व तेच. चाकाने खालीवर व्हावे, आपली जागा मात्र सोडू नये.

आता ठोकर कशी लागते ते पाहा. गाडीचे डावे चाक दुभाजकावर चढते. धक्का प्रथम टायरला, मग रिमला, मग स्टब ॲक्सलला, तेथून एका बाजूने टाय रॉडला आणि दुसऱ्या बाजूने पाट्याला व चासीला जातो. बंपर आणि पत्रा डोळ्यांना दिसतात, म्हणून मालक त्यांच्याकडे बघतो. धक्क्याची खरी वाट खालून गेलेली असते. सेंटर बोल्ट कातरला गेला असेल तर ॲक्सलची डावी बाजू बोटभर मागे सरकते, आणि डावीकडचे पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर उजवीकडच्यापेक्षा कमी होते. वरून काहीच कळत नाही. गाडी मात्र डावीकडे ओढू लागते. चालक दिवसभर तिला उजवीकडे धरून ठेवतो, आणि रात्री खांद्याला तेल चोळतो.

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आपला तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. १९९० च्या आसपासची गोष्ट. आम्ही विशीत होतो आणि एका गॅरेजात हेल्पर होतो. समोरून ठोकलेला एक मालवाहू टेम्पो आला. टाय रॉड धनुष्यासारखा वाकला होता. वस्तादांनी नवा रॉड मागितला. मालक म्हणाला, भाड्याचा माल भरून उभा आहे, उद्या सकाळी गाडी हवी, आहे तोच सरळ करा. वस्ताद दोन वेळा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा गप्प झाले. रॉड शिकंज्यात धरला, गॅसने लाल केला, घणाने सरळ केला आणि लवकर थंड व्हावा म्हणून पाण्यात बुडवला. गॅसची ज्योत आमच्या हातात होती. रॉड इतका सरळ झाला, की आम्हांला आमच्याच कामाचे कौतुक वाटले.

दीड-दोन महिन्यांनी तो टेम्पो मेंढवणच्या खिंडीत वळणावर कठड्याला जाऊन भिडला. क्लीनरचा पाय गेला. चालक सांगत होता की हातातले चाक एकदम हलके झाले. ते कोणी लिहून घेतले नाही. लिहिले गेले ते असे, की भरधाव वेगामुळे चालकाचा ताबा सुटला. आम्ही मोडकी गाडी पाहायला गेलो. रॉड तुटला होता, आणि जेथे आम्ही तो तापवला होता त्याच्या लगत तुटला होता. तुटीच्या तोंडाकडे पाहिले तर अर्धा भाग काळपट, गंजलेला आणि अर्धा चकचकीत होता. काळा भाग म्हणजे जुनी चीर, तिच्यात पाणी-हवा जाऊन गंज धरलेली. चकचकीत भाग म्हणजे त्या दिवशी तुटलेला. हे वाचायला आम्हांला वस्तादांनीच शिकवले होते. आम्ही दोघांनी ते वाचले आणि दोघेही काही बोललो नाही. नोकरी जाईल ही भीती होती, हे त्याचे कारण आहे, समर्थन नव्हे. त्या चालकाने पुन्हा गाडी हाती घेतली नाही.

तो रॉड का तुटला ते सांगतो. टाय रॉड, स्टब ॲक्सल, ड्रॉप आर्म हे भाग साध्या सळईचे नसतात. त्यांचे पोलाद कारखान्यात ठरावीक तपमानाला तापवून, ठरावीक गतीने निववून तयार केलेले असते. कडकपणा आणि चिवटपणा यांचा मेळ त्याने बसतो. लोहाराच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला हे सहज कळेल: कोयत्याला पाणी द्यायचे एक शास्त्र असते, आणि पाणी चुकले तर धार तरी मोडते किंवा वाकते. गॅसने लाल केलेल्या रॉडचे पाणी उतरते. तो पुढे मऊ पडेल. लाल असतानाच पाण्यात बुडवला तर तेवढा भाग काचेसारखा ठिसूळ होईल. बरे, न तापवता थंडच सरळ केला तर? वाकताना एकदा आणि सरळ होताना पुन्हा, असा दोनदा ताण बसून त्याला केसासारखी चीर पडू शकते. म्हणून वाकलेला स्टिअरिंगचा भाग सरळ करायचा नसतो, बदलायचा असतो. गाड्या बनवणाऱ्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका हेच सांगतात.

भाग वाकलेला दिसत नाही, पण शंका आहे, अशा वेळी चीर शोधण्याचा एक जुना उपाय आहे. भाग स्वच्छ करून घासलेटमध्ये बुडवावा, काढून कोरडा पुसावा, आणि वरून खडूची पूड फासावी. चीर असेल तर तिच्यात शिरलेले घासलेट हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. मोठ्या कारखान्यांत याच कामाला रंगीत द्रव आणि चुंबकाच्या रीती वापरतात. पण घासलेट आणि खडू तर वसई फाट्यावरच्या कोणत्याही टपरीवजा गॅरेजात मिळेल. हवा असतो तो अर्धा तास.

दुरुस्तीचा क्रम घर बांधण्यासारखा आहे. आधी पाया, मग भिंत. पाया म्हणजे चासी, आणि ती सरळ आहे की नाही हे सुताराच्या ओळंब्याने कळते. सपाट फरशीवर गाडी उभी करावी. चासीवर डावीकडे आणि उजवीकडे जोडीजोडीने येणारी ठिकाणे निवडावी, पाट्यांच्या कड्या जेथे बसतात ती उत्तम. प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोडून खाली फरशीवर खडूने खूण करावी. मग गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि खुणांमध्ये तिरके अंतर मोजावे: पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत, आणि पुढच्या उजवीपासून मागच्या डावीपर्यंत. दोन्ही अंतरे सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. कमीजास्त आली तर चासी तिरकी झाली आहे, आणि ती सरळ होईपर्यंत पुढचे सारे काम वाया. या मापाला एक दोरी, एक ओळंबा आणि एक खडू पुरतो. तरीही किती गॅरेजांत ते घेतले जाते? आम्ही चळवळीच्या निमित्ताने पुष्कळ गॅरेजांत बसलो आहोत. बहुतेक ठिकाणी डोळ्याने पाहून मान हलवतात.

चासीनंतर पाटे आणि ॲक्सल. सेंटर बोल्ट नवा, आणि ताणले गेलेले यू बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, तेही नवे. मग स्टिअरिंगची साखळी. रबराचे बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी राहिली, वजन बसले, की मग आवळावे. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नटाला स्प्लिट पिन दर वेळी नवी घालावी. या पिनेची किंमत चहापेक्षा कमी आहे, आणि जुनी पिन सरळ करून पुन्हा घालणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

सर्वांत शेवटी चाकांचे कोन. यांची तीन नावे गॅरेजात ऐकू येतात: टो, कॅम्बर आणि कॅस्टर. टो म्हणजे चालताना माणसाचे चवडे आत वळतात की बाहेर, तेच चाकांविषयी. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत कलले आहे की बाहेर. कॅस्टर समजायला सायकल आठवावी. तिचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ धावते. मोटारीच्या किंग पिनलाही तसाच कल असतो, आणि वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ होते ते मुख्यतः त्याच्या जोरावर. ठोकरीने एका बाजूचा कॅस्टर कमी झाला की गाडी त्या बाजूला ओढते.

टो किती महत्त्वाचा ते हिशोबाने पाहा. समजा टायरचा व्यास ६०० मिलिमीटर आहे, आणि तेवढ्या अंतरात टो ३ मिलिमीटरने चुकला आहे. म्हणजे दोनशेला एक. गाडी दोनशे मीटर पुढे गेली की दोन्ही टायर मिळून एक मीटर आडवे फरफटतात. वसई फाट्याहून सुरतेपर्यंत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर धरले तर एका खेपेत एक किलोमीटरहून अधिक फरफट होते. टायरची एक बाजू करवतीच्या दातांसारखी का झिजते, याचे उत्तर यात आहे.

आजकाल हे कोन मोजायला संगणकाचे यंत्र असते. यंत्र चांगले आहे, आमचा त्याला विरोध नाही. पण त्याच्या कागदावर हिरवा रंग आला म्हणजे गाडी बरी झाली, हा समज धोक्याचा आहे. यंत्र कोन सांगते, कोणता भाग वाकला ते आपण होऊन सांगत नाही. टाय रॉड वाकलेला असला तरी त्याचा आटा फिरवून टो बरोबर आणता येतो आणि कागद हिरवा होतो. म्हणून चाक वळवूनही मोजावे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून आतले चाक बाहेरच्यापेक्षा किती जास्त वळते ते पाहिले, आणि दोन्ही बाजूंचा आकडा जुळला नाही, तर स्टिअरिंगचा एखादा हात वाकला आहे असे समजावे. लहान मोटारीत आणखी एक खूण आहे. चाक ज्या रेषेभोवती वळते त्या रेषेचा आत झुकलेला कल आणि कॅम्बर यांची बेरीज डाव्या-उजव्या बाजूंना सारखी हवी. बेरीज चुकली तर शॉकपचा दांडा किंवा चाकाचा नकल वाकला आहे. बेरीज बरोबर आणि दोन्ही आकडे वेगवेगळे चुकलेले, तर दोष लोअर आर्ममध्ये किंवा तो जेथे बसतो त्या चौकटीत. एवढे जाणणारा फिटर तासाभरात जे सांगतो ते दहा भाग बदलूनही कळत नाही.

नव्या मोटारींत एअरबॅग असते. २०१९ च्या जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. तेव्हा स्टिअरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीची तार काढून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे, ही खबरदारी आमच्या हेल्पर पोरांसाठी आवर्जून सांगतो. ठोकरीत दबून आत जाणारा स्टिअरिंगचा दांडाही असतो. तो चालकाची छाती वाचावी म्हणून एकदाच दबण्यासाठी केलेला आहे. दबला असेल तर बदलावा. ताणून पुन्हा लांब केला तर पुढच्या वेळी तो दबेलच असे नाही.

मग इतके सारे ठाऊक असून भाग सरळ का केले जातात? मिस्त्री अडाणी म्हणून, असे म्हणणे सोपे आहे. विम्याच्या पॉलिसीतले घसाऱ्याचे कोष्टक वाचले तर निराळेच उत्तर मिळते. नेहमीच्या पॉलिसीत गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर बदललेल्या धातूच्या भागांच्या किमतीतून ४० टक्के कापले जातात, दहा वर्षांपुढे ५० टक्के. रबर, प्लास्टिक, टायर यांवर गाडीचे वय काहीही असो, ५० टक्के. मजुरीवर मात्र घसारा नाही. म्हणजे जुन्या टेम्पोचा रॉड बदलला तर निम्म्याच्या आसपास पैसे मालकाच्या खिशातून जातात, आणि तोच ठोकून सरळ केला तर ठोकण्याची मजुरी धरता येते. आठ वर्षांच्या टेम्पोचा हप्ता फेडणारा लहान मालकही काही कुबेर नसतो. तो कोष्टकाकडे बघून घण मागतो. घसारा न कापणारी पॉलिसी मिळते, पण तिचा हप्ता जास्त, आणि जुन्या गाडीला ती सहसा देत नाहीत. जेथे गाडी जुनी तेथेच भाग अधिक झिजलेले, आणि तेथेच बदलण्याला सर्वांत कमी पैसा, अशी ही गंमत आहे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०: सदोष वाहन चालवणारा जसा दोषी, तसा ते चालवू देणाराही दोषी, जर दोष त्याला ठाऊक होता किंवा साध्या काळजीने कळला असता. कलम १३६ प्रमाणे अपघातातल्या वाहनाची तपासणी अधिकृत माणसाला करता येते. तपासणी होते, पण ती कशी होते हे गाडी कोणाची यावर फार अवलंबून असते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. तेव्हा ती गाडी बनवणाऱ्या कंपनीने गाडीतल्या नोंदी काढून पोलिसांना दिल्या, ब्रेक ठोकरीआधी किती सेकंद दाबला होता येथपर्यंत. तपास तसाच व्हावा. आमचे म्हणणे एवढेच, की टेम्पोच्या अपघातात तुटलेल्या रॉडचे तोंड काळे आहे की चकचकीत, एवढे तरी पंचनाम्यात यावे. २०२४ च्या जानेवारीत नव्या न्यायसंहितेच्या कलमावरून ट्रकचालकांनी देशभर चाके थांबवली. त्या वेळी दंड किती आणि शिक्षा किती यावर खूप चर्चा झाली. चालकाच्या हाती सुस्थितीतली गाडी दिली होती का, हा प्रश्न आम्हांला फारसा ऐकू आला नाही.

आम्ही आमच्या सभासदांकरिता एक साधी वही केली आहे. अपघातातून दुरुस्त होऊन आलेली गाडी ताब्यात घेताना चालकाने तीत लिहायचे: कोणते भाग बदलले, कोणते सरळ केले, तिरके माप काय आले. बदललेला जुना भाग डोळ्यांनी पाहायचा आणि भंगारात जाण्यापूर्वी करवतीने त्याचे दोन तुकडे करून घ्यायचे. नाहीतर तोच रॉड रंग लागून दुसऱ्या कोणाच्या तरी टेम्पोखाली जातो. मग मोकळ्या मैदानात गाडी हळू चालवून पाहायची, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मधल्यापासून फेरे मोजायचे, ते सारखे हवेत. माल भरून काहीशे किलोमीटर झाले की नव्या यू बोल्टांचे नट पुन्हा आवळून घ्यायचे, कारण नवे पाटे बसताना ते सैल पडतात. याला गॅरेजवाले पैसे घेत नाहीत. अडचण अशी, की त्यासाठी गाडी तासभर उभी करावी लागते. तो एक तास भरपगारी मिळावा अशी मागणी आम्ही मालकांपुढे ठेवली आहे. दोघांनी लेखी मान्य केली, बाकीच्यांचे उत्तर यायचे आहे.